मंगळवारपर्यंत टिकणारा आनंद

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"सप्रेम सलाम. माझं वय 43. नाशिकला अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे, शिफ्ट ड्युटी. पत्नी नर्स, मुलं दोन. जन्मापासून ख्रिस्ती, अठरा वर्षं मंडळीच्या (चर्चच्या) क्वायरमध्ये गातो. घरात भिंतीवर यिर्मया 29:11 ची ('तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत') फ्रेम आहे, पण देवाने माझ्यासाठी काय योजलंय ते अजून कळलेलं नाही. रविवारी उपासनेत मन भरून येतं, संजीवन सभेत डोळ्यांना धार लागते. मंगळवारपर्यंत सगळं ओसरतं. मागच्या सभेत वक्त्याच्या सांगण्यावरून 11 हजारांचं दान देऊन 'बी पेरलं', अजून काही उगवलं नाही. नोकरी सोडून बायबल कॉलेजला जावं, पूर्णवेळ सेवा करावी असं वाटतं, पण पत्नीचा विरोध आहे. निफाड तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, धाकटा भाऊ पाहतो. वाटणीवरून तीन वर्षं आमचं बोलणं बंद आहे, पण तो विषय वेगळा. माझ्या जीवनाचा हेतू काय आणि आनंद टिकत का नाही, एवढंच सांगा."

प्रिय बंधू,

सप्रेम सलाम. तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटून दुसरं लिहिलंत आणि लगेच त्याच्यावर झाकण ठेवलंत. त्याकडे येऊच. आधी भिंतीवरची ती फ्रेम उतरवा. कायमची नाही, तासाभरासाठी. आणि यिर्मयाचा 29 वा अध्याय पहिल्या ओवीपासून चौदाव्यापर्यंत वाचा.

हे एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये राजा यकन्याबरोबर यरुशलेमेतली माणसं बाबेलला (बॅबिलोनला) नेली, त्यांना संदेष्टा यिर्मयाने ते धाडलं. त्या माणसांचा प्रश्न तुमच्यासारखाच होता: इथे आपण का आहोत, आणि कधी सुटणार? अकराव्या ओवीच्या आधी त्यांना जे सांगितलंय ते फ्रेममध्ये कोणी घालत नाही. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, लेकरं होऊ द्या. ज्या नगरात तुम्हाला कैद करून नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग दहाव्या ओवीत मुदत येते, 70 वर्षं. म्हणजे ते पत्र ऐकणारे बहुतेक लोक परत जायच्या आधी बाबेलातच मरणार होते. 'हिताचे संकल्प' त्यांच्यासाठीच होते, आणि त्या संकल्पांचा रोजचा आकार होता विटा, माती, रोपं आणि शेजारी.

एक अध्याय मागे, 28 व्यात, हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तो म्हणाला होता, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. सभा त्याचीच गाजली असणार.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही 'हेतू' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरताय आणि घोटाळा तिथेच होतोय. पहिला हेतू सगळ्या माणसांचा एकच आहे आणि तो उघड सांगितलेला आहे. 1640 च्या दशकात वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने जी लहान प्रश्नोत्तरी केली, तिचा पहिलाच प्रश्न आहे, मनुष्याचा मुख्य हेतू काय? उत्तराचा आशय असा, की देवाचं गौरव करणं आणि त्याच्या ठायी सर्वकाळ आनंद भोगणं. हेतू आणि आनंद एकाच वाक्यात, एकच गोष्ट म्हणून बसवलेत. येशूने तेच मत्तय 22 मध्ये दोन आज्ञांत सांगितलं, देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती. त्यात गुपित काही नाही, आणि ते कळायला बायबल कॉलेजही लागत नाही.

दुसरा हेतू म्हणजे तुमचं पाचारण. याच हातांनी, याच नाशिकमध्ये, याच वयात काय करायचं? हे कुठल्यातरी पाकिटात बंद करून ठेवलेलं नसतं. पहिला हेतू रोज जगताना तो हळूहळू दिसायला लागतो, तोही तुकड्यातुकड्यांनी. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. मुंबईत विधवांसाठीचं शारदा सदन 1889 मध्ये निघालं. केडगावचं मुक्ती मिशन आज आपल्याला त्यांच्या आयुष्याचा 'हेतू' वाटतं, पण ते उभं राहिलं ते 1896-97 च्या दुष्काळात दुष्काळी भागात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणल्या म्हणून. दुष्काळ त्यांच्या योजनेत नव्हता. समोर आलेल्या मुलींना जेवण, अंथरूण आणि पुढे शिक्षण द्यायचं, एवढं मात्र त्यांना कळत होतं.

म्हणून पहिली सूचना अशी: पुढचे 90 दिवस 'माझा हेतू काय' हा प्रश्न देवाला विचारू नका. या काळात नोकरीचा निर्णय नाही, राजीनामा नाही, कुठे पैसे भरणं नाही. फक्त पुढे सांगतोय ती घडी बसवायची.

त्याआधी एक तपासणी. गेले दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन खिन्न असतं का? पूर्वी ज्यात गोडी होती, गाणं धरून, त्यातली गोडी गेली आहे का? झोप, भूक, थकवा, चिडचिड यांत फरक पडलाय का? पडला असेल तर हा आधी डॉक्टरांचा विषय आहे. थायरॉईड आणि बी-12 ची रक्ततपासणी करून घ्या. थर्ड शिफ्टच्या झोपेबद्दल मोकळेपणी बोला. मरणाचे विचार येत असतील तर आजच पत्नीला सांगा आणि टेली मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालतो. यात विश्वास कमी पडला असं काही नाही. 1 राजे 19 मध्ये एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला प्रवचन देत नाही. भाकर, पाणी, झोप. पुन्हा भाकर, पाणी. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न चाळीस दिवसांच्या चालीनंतर, होरेबाला पोचल्यावर येतो.

तब्येत ठीक असेल तर घडी अशी.

शिफ्टवाल्या माणसाने 'पहाटे पाच' असा नेम धरला की तो दुसऱ्या आठवड्यात मोडतो, आणि मोडला की वाटतं आपणच नालायक. म्हणून नेम घड्याळाला बांधू नका, उठण्याला बांधा. थर्ड शिफ्ट करून झोपलात आणि दुपारी दोनला उठलात तर तीच तुमची सकाळ. तोंड धुणं, चहा, मग 20 मिनिटं. जागा एकच, खुर्ची एकच. मोबाईल दुसऱ्या खोलीत, कारण मोबाईलवरचं बायबल उघडलं की व्हॉट्सअ‍ॅपचा ठिपका आधी दिसतो. छापील पवित्र शास्त्र, शंभर पानी वही आणि पेन एवढं पुरे.

वाचायचं काय? फिलिप्पैकरांस पत्र. चार अध्याय, 104 ओव्या, आणि प्रेषित पौलाने ते कैदेतून लिहिलंय. पहिले सात दिवस रोज संपूर्ण पत्र मोठ्याने वाचा. सावकाश वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटांत होतं. पहिल्या दोन दिवसांत काही 'मिळणार' नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी वाक्यं एकमेकांना ओळखायला लागतात. आठव्या दिवसापासून रोज पाच ओव्या, म्हणजे 21 दिवसांत पत्र पुन्हा पूर्ण. इथे चार आठवडे झाले. नंतर मार्कचं शुभवर्तमान, 16 अध्याय, रोज अर्धा; ते 32 दिवस. उरलेले 30 दिवस रोज एक स्तोत्र. त्यांत 13, 42, 43 आणि 88 ही स्तोत्रं हमखास घ्या. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलंही गोड वळण नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. कोरड्या मनाने देवापुढे बसलं तर ती प्रार्थना धरली जाते का, अशी शंका कधी आली तर ते उघडा.

वाचून झालं की वहीत तीनच ओळी. यात देव कसा दिसतो. मला आज काय सांगितलंय. आज कुणाशी किंवा कशाशी त्याचा संबंध आहे. तिसऱ्या ओळीत माणसाचं नाव किंवा कामाचं नाव आलंच पाहिजे. 'मी अधिक प्रेमळ व्हावं' असलं लिहू नका. 'दोन नंबर लाइनवरच्या नव्या पोराला रिजेक्शनवरून सगळ्यांदेखत झापायचं नाही' असं लिहा.

हेतू शोधायची खरी जागा मात्र झोपण्यापूर्वीची 10 मिनिटं आहे. ही रीत स्पेनच्या संत इग्नेशियस लोयोलाने घालून दिली. कॅथलिकांची म्हणून बिचकू नका, हिला कुठल्याही मंडळीची हरकत नसावी. 1521 च्या मे महिन्यात पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडल्या पडल्या तो दोन तऱ्हेची स्वप्नं रंगवायचा. एक शौर्याची, एका उमरावघरच्या स्त्रीला खूश करण्याची. दुसरी, ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा वाचून सुचलेली. रंगवताना दोन्ही सारखीच गोड लागायची. पण पहिल्यांनंतर मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यांनंतर बराच वेळ आनंदी राहायचं. हा फरक त्याच्या लक्षात आला आणि पुढचं सगळं त्यातून निघालं.

तुमच्या पत्रातला 'मंगळवार' हीच खूण आहे. घटना घडताना काय वाटलं यापेक्षा, ती संपल्यावर मागे काय राहिलं हे पाहायला शिका.

दहा मिनिटांची वाटणी साधारण अशी. एक मिनिट गप्प बसून 'प्रभो, आजचा दिवस मला तुझ्या उजेडात पाहू दे' एवढंच. तीन मिनिटं उपकारस्मरण, पण ठरावीक शब्दांत नको; आज घडलेल्या तीन नेमक्या गोष्टी. चार मिनिटं उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून सरकवा आणि दोन जागा शोधा, मन कुठे उमललं आणि कुठे आखडलं. एक मिनिट जिथे चुकलं तिथली क्षमा. शेवटचं मिनिट उद्याच्या एका प्रसंगासाठी. मग वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा, डावीकडे 'उमललं', उजवीकडे 'आखडलं', रोज एकेकच शब्द किंवा ओळ. तीस दिवस ती पानं वाचू नका. तिसाव्या दिवशी एकदम वाचा. डाव्या रकान्यात जे चार-पाच वेळा आलं असेल, ते तुमच्या पाचारणाचं पहिलं टोक. आणि ते स्टेजवरचं असेलच असं नाही. नव्या कामगाराला गेज वापरायला शिकवणं निघू शकतं, किंवा मुलाबरोबर गणित सोडवणं. उजव्या रकान्यात एखादं नाव वारंवार आलं तर तेही लपवू नका.

या रीतीत लोक फसतात कुठे, तर डाव्या रकान्यात 'भक्तीच्या' गोष्टीच लिहायच्या असं समजून. वही पाळकसाहेबांना दाखवायची नाहीये. क्वायरची प्रॅक्टिस आखडलेल्यांत आली तर आली, तशीच लिहा. आलीच तर क्वायर लगेच सोडू नका. महिन्यातून एक रविवार रजा मागून बाकावर बायकोपोरांशेजारी बसा. अठरा वर्षं तुम्ही उपासना गायलात. ऐकली किती, ते त्या दिवशी कळेल.

साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी कंटाळा येईल. तो येणारच, म्हणून आधीच सांगतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रिअस नावाच्या साधूने या कंटाळ्याचं फार बारीक वर्णन करून ठेवलंय. त्याला तो दुपारचा भूत म्हणतो. सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत छळतो. सूर्य हलतच नाही असं वाटायला लावतो, पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघायला लावतो. मग कानात सांगतो की ही जागा वाईट, हे काम वाईट, भावाभावांतलं प्रेम आटलंय. दुसरीकडे कुठे गेलास तर देव सहज भेटेल. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे आहे, पण अंबडच्या शॉप फ्लोअरवर बसून लिहिल्यासारखं. त्याचा उपायही साधा: खोली सोडायची नाही, हातातलं काम करायचं, स्तोत्र म्हणायचं. कंटाळ्याच्या दिवशी 20 मिनिटं बसायचं आणि वर एक मिनिट जास्त बसायचं. इग्नेशियसचाही नियम आहे, की मन कोरडं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. तुमची नोकरी सोडायची ऊर्मी आठवड्यातल्या कुठल्या दिवशी येते, तेही वहीत लिहा. मंगळवार निघाला तर आश्चर्य वाटायला नको.

आणखी दोन सवयी टाळा. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि ती ओवी म्हणजे देवाचा कौल समजायचा, ही पहिली. ती आपल्याकडे सर्रास चालते. अशाने आधीच मनात असलेलंच सापडतं. नाही सापडलं तर माणूस दुसऱ्यांदा उघडतो. दुसरी, दुसऱ्यांच्या साक्षींशी आपली साक्ष ताडून पाहणं. ज्याची दारू एका रात्रीत सुटली त्याची साक्ष खरी असेल. तुमचं बदलणं सावकाश असलं तरी तेही खरंच असू शकतं.

पैशांचं. 'बी पेरा' हे वचन 2 करिंथ 9:6 मधलं. ते नवव्या अध्यायात बसलंय, आणि आठवा व नववा हे दोन्ही अध्याय यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी काढलेल्या मदतनिधीबद्दल आहेत. पौल तिथे 'मला द्या' म्हणत नाही. पुढच्याच ओवीत म्हणतो, दडपणाने देऊ नका. आठव्या अध्यायात तर निधी नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली भरवशाची माणसं तो सोबत पाठवतो. तेव्हा यापुढे एक कसोटी ठेवा: पावती, हिशोब आणि घेणाऱ्याच्या वर कुणीतरी विचारणारं. हे तीन नसेल तर हात खिशाबाहेर काढू नका. गेलेले 11 हजार देवाला दिलेले समजून सोडून द्या, आणि त्यांचं पीक मागत बसू नका. पुढचे तीन महिने जे द्यायचंय ते पत्नीशी बोलून आकडा ठरवून द्या आणि शक्य तर अशा माणसाला, जो परत काही देऊ शकत नाही.

आता नोकरी आणि बायबल कॉलेज. पूर्णवेळ सेवा हे चांगलं काम आहे, पण ते वरच्या इयत्तेचं काम नाही. युरोपात मध्ययुगात 'पाचारण' हा शब्द पाद्री आणि मठवासीयांपुरताच उरला होता. मार्टिन लूथरने तो परत घरकामाला, कारागिरीला, शेतीला लावला. 17 व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबले, नंतर चपला दुरुस्त करत. देवाची संगत भांड्यांच्या खडखडाटातही तितकीच राहते, हे लोक त्यांच्याकडून शिकायला येत. पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता.

तरीही खरंच बोलावणं असेल तर? ते तपासायची माणसं 1 तीमथ्य 3 मध्येच दिली आहेत. तिथे मंडळीच्या अध्यक्षाने आपलं घर नीट चालवलेलं असावं आणि बाहेरच्यांनी त्याच्याविषयी चांगली साक्ष द्यावी, अशा अटी आहेत. म्हणून तिघांना विचारा: पत्नी, पाळक आणि कंपनीतला एक सहकारी, जो ख्रिस्ती नाही. प्रश्न एकच, 'मी कशासाठी उपयोगी पडतो असं तुम्हाला वाटतं?' मध्ये बोलायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. पत्नीच्या विरोधाला तुम्ही अडथळा मानताय. मला तर त्यातच विवेक दिसतो. शिफ्ट सांभाळणारी नर्स घर कशावर चालतं हे जाणून असते. नव्वद दिवसांनी तिचं आणि पाळकांचं मत जुळलं, तर आधी नोकरी ठेवून पत्रद्वारे किंवा शनिवार-रविवारचा एखादा अभ्यासक्रम करा. घरभाड्याचे आणि मुलांच्या फीचे निदान दोन वर्षांचे पैसे बाजूला पडेपर्यंत राजीनाम्याचा विषय नाही.

तोवर सेवेचा भुकेला हात रिकामा ठेवायची गरज नाही. आठवड्यातून दोन तास, एकाच माणसासाठी. मंडळीत कोणी अंथरुणाला खिळलेले आजोबा-आजी असतीलच. प्रवचन नको, फोटो नको. एक स्तोत्र वाचा, त्यांना आवडेल ते एक गीत म्हणा (अठरा वर्षांची तालीम इथे कामी येईल), आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून द्या, वीजबिल भरून या. माणूस दर आठवड्याला बदलू नका. तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत ते संकोचतात, तुम्हीही. नंतर ते तुमची वाट बघायला लागतात, आणि मग तुमच्या वहीचा डावा रकाना बघा.

आता त्या झाकलेल्या वाक्याकडे. 'पण तो विषय वेगळा.' बंधू, तो वेगळा नाही.

फिलिप्पैकरांस पत्रातली ती प्रसिद्ध ओवी तुमच्या क्वायरने शंभरदा गायली असेल, 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा'. ती चौथ्या अध्यायाची चौथी ओवी. दुसरी आणि तिसरी कशाबद्दल आहेत? युवदीया आणि सुंतुखे या मंडळीतल्या दोन बायकांबद्दल, ज्यांचं आपसात पटत नव्हतं. पौल दोघींना नाव घेऊन विनवतो, मध्यस्थाला मदत करायला सांगतो, आणि लगेच आनंदावर येतो. योहान 15 मध्ये तेच. 'माझा आनंद तुमच्यामध्ये असावा' ही अकरावी ओवी, आणि बारावी, 'एकमेकांवर प्रीती करा'. आनंदाची ओवी शेजारच्या ओवीपासून तोडली की ती मंगळवारपर्यंतच पुरते.

आणि तो अध्याय द्राक्षवेलीचा आहे. निफाडच्या माणसाला तो समजावून सांगायचा म्हणजे धाडसच. तरी एक गोष्ट पाहा. खरड छाटणी एप्रिलमध्ये होते, बाग उघडी-बोडकी दिसते. मालाची छाटणी ऑक्टोबरात, आणि घड दिसतो तो त्यानंतर. पण तो घड तयार होतो कधी? खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत, काडीवरच्या डोळ्याच्या (कोंबाच्या) आत, डोळ्यांना दिसत नाही अशा अवस्थेत. त्या दिवसांत ढगाळ राहिलं, पानांची गर्दी होऊन उजेड आत गेला नाही, तर ऑक्टोबरात घडाच्या जागी नुसती बाळी (वेलीचा तंतू) निघते. मग कितीही खत-पाणी द्या, त्या हंगामात तिचा घड होत नाही. तुमच्या रविवारी आणि सभांमध्ये खत-पाण्याला काही कमी नाही. उजेड अडलाय तो तीन वर्षांपूर्वीच्या वाटणीपाशी.

मत्तय 5:23-24 मध्ये येशू सांगतो, की अर्पण वेदीपाशी आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. चूक कुणाची हे तिथे लिहिलेलं नाही.

जायचं कसं ते सांगतो, कारण चांगल्या मनाने गेलेली माणसंही इथे काम बिघडवतात. पहिली भेट एकट्याने. मामा, पाळक, सरपंच कोणी नको (मत्तय 18:15 चा क्रमही तोच: आधी दोघांतच). आधी फोन करा. तो उचलणार नाही असं धरून चाला; तेव्हा वहिनींना निरोप द्या, 'अमुक दिवशी येतोय, तासभर बसेन'. छाटणीच्या, फवारणीच्या किंवा मालाच्या गडबडीत जाऊ नका. सकाळचा कामाचा वेळ टाळा, मजूर गेल्यावर जा. बागेत फेरी मारायला तो म्हणाला तर मारा आणि बागेतल्या एकाही गोष्टीवर सूचना करू नका. इतकी वर्षं तो ती पाहतोय, तुम्ही नाही.

बोलायचं ते तीन वाक्यांत बसतं. मी अमुक बोललो किंवा अमुक केलं, ते चुकलं. (नेमकं काय ते घरी वहीत लिहून ठेवा, 'काही चुकलं असेल तर' असं म्हणू नका, त्याला माफी म्हणत नाहीत.) मला तुझ्याशी बोलायचं आहे, वाटणीचं नंतर कधीतरी. तू कसा आहेस? यानंतर ऐका. तो तीन वर्षांचं ऐकवेल. त्यातलं निम्मं तुम्हाला खोटं वाटेल, तरी खोडू नका.

हे वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे हिस्सा सोडून द्यायचा की काय? नाही. क्षमा म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव कमी करणं नव्हे. वाटणीचं बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर, दोघांनाही मान्य असलेल्या एका माणसासमोर, कागदावर, आणि गरज पडली तर वकिलामार्फत व्हावं. आणि तो समेटाला तयारच झाला नाही तर? रोम 12:18 मध्ये पौलाने तेवढी सवड ठेवली आहे: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं. तुमचा भाग झाला. दोन महिन्यांनी पुन्हा फोन, नाताळला पुन्हा. मधल्या काळात त्याचं नाव रोजच्या प्रार्थनेत, पण 'त्याला सुबुद्धी दे' अशी प्रार्थना नको. त्याची बाग, त्याची मुलं, त्याचं कर्ज यांच्यासाठी.

खरड छाटणी होऊन महिना झाला असेल आता. विरळणी, शेंडे मारणं सुरू असेल, पण दुपारनंतर तो मोकळा सापडेल. फर्स्ट शिफ्ट असलेला एखादा मंगळवार धरा. तीन-साडेतीनला सुटून निघालात तर दिवेलागणीच्या आत पोचाल. पत्नीला सांगून जा. पुतण्यांसाठी खाऊ घ्या. वाटणीचे कागद मात्र घरीच ठेवा.